नाशिकहून मुंबई बघायला जाताना: सकाळी बंदर, संध्याकाळी समुद्र

पहिल्यांदा मुंबई बघायला निघालेल्या नाशिककराच्या यादीत गेटवे, सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, चौपाटी आणि जमलं तर जुहू, असं सगळं एकाच दिवसात असतं. त्यातला निम्मा दिवस टॅक्सीत आणि सिग्नलला जातो. यादी करण्याआधी शहराचा आकार समजून घेतला तर हा घोटाळा टळतो.

मूळ मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि रुंदीला चिंचोळी आहे. पूर्वेकडचं पाणी म्हणजे बंदर. खाडीच्या तोंडाशी आडोशाला असलेलं, तुलनेनं शांत पाणी, समोर घारापुरी (एलिफंटा) बेट, उरण, न्हावाशेवा. जहाजं, गोद्या, नौदल, मासळीचे धक्के सगळे याच बाजूला. पश्चिमेकडे खुला अरबी समुद्र. मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, हाजी अली, वरळी त्या बाजूला. नाशिकरोडहून गाडी येते ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे बंदराच्या बाजूला. तेव्हा दिवसही तसाच लावावा: सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. ऊनही सोसवतं, प्रकाशही बरोबर मिळतो आणि उलटसुलट धावाधाव होत नाही.

दिवस कोणता निवडायचा

तिकीट काढण्याआधी वार बघा. घारापुरीच्या लेणी सोमवारी बंद असतात. पेडर रोडचं भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी बंद. राणीची बाग आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर दुपारी मेगाब्लॉक असतो. त्यात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, काही रद्द होतात आणि हार्बरचा एखादा पट्टा काही तास बंदच राहतो. कोणत्या स्थानकांदरम्यान ब्लॉक आहे ते रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. रविवारचा एक फायदा मात्र मोठा आहे. फोर्टातली, म्हणजे सीएसएमटी ते गेटवेमधल्या जुन्या भागातली, कार्यालयं बंद असल्यानं रस्ते मोकळे असतात आणि जुन्या इमारती निवांत बघता येतात. चालत हिंडायचं असेल तर रविवार चांगला, लोकलवर अवलंबून असाल तर मंगळवार, गुरुवार, शुक्रवार.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑगस्ट पावसाचे महिने. या दिवसांत गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी बंद असतात, घारापुरीच्या फेऱ्या समुद्र खवळला की थांबतात आणि ते त्या सकाळीच कळतं. घारापुरी हाच मुख्य बेत असेल तर पावसाळ्यात जाऊ नका.

थंडीत निघणाऱ्यांची एक अडचण ठरलेली असते. नाशिकला पहाटे स्वेटर, कानटोपी लागते. कल्याण येईपर्यंत ते सगळं अंगावरून उतरतं आणि दिवसभर हातात वागवावं लागतं. घरून निघताना पातळ कपड्यांचे दोन थर घाला. मुंबईची हवा दमट असल्यानं घाम वाळत नाही. सुती कपडे, रुमाल आणि माणशी एक लिटर पाणी ठेवा.

गाडी

पहिल्यांदा जाणाऱ्यानं पंचवटी एक्सप्रेसच धरावी. १९७५ पासून नाशिककरांची हीच गाडी आहे आणि तिची वेळ एका दिवसाच्या फेरीला बरोबर बसते. मनमाडहून येऊन ती सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला असते आणि साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान सीएसएमटीला पोचते. परतीची संध्याकाळी सव्वासहाला सुटते आणि साडेनऊनंतर नाशिकरोड. वेळापत्रकात अधूनमधून पाच-दहा मिनिटांचा फरक होतो, म्हणून आदल्या रात्री एकदा बघून घ्या.

आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. सोमवारी सकाळची मुंबईकडची आणि शुक्रवार-शनिवारची परतीची गाडी लवकर भरते. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकदमच काढा. नुसतं जाण्याचं काढून 'येताना बघू' म्हणणाऱ्यांना परतीचा प्रवास उभ्यानं करावा लागतो. पंचवटीत रोजच्या पासधारकांचे डबे वेगळे असतात. रिकामी जागा दिसली म्हणून त्यात बसू नका. इगतपुरीपर्यंत ती जागा ज्याची त्याला लागते, आणि तपासनीस आला तर दंडही होतो.

शहरातून नाशिकरोड नऊ-दहा किलोमीटर आहे. पहाटे रिक्षा मिळेलच असं धरू नका, आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

स्वतःची गाडी न्यावी का? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून कसारा घाटाचा त्रास कमी झाला आहे. पण अडचण घाटात नाही, फोर्टात आहे. गाडी लावायला जागा शोधण्यात तास जातो. कुटुंबात फार वयस्क माणूस असेल किंवा पुढे अलिबागला जायचं असेल तरच गाडी काढा. समृद्धीवर आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, हे दुचाकीवाल्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटं

सामान जास्त असेल तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर ती ठेवून घेत नाहीत, म्हणून छोटं कुलूप घरूनच आणा. तिकीट आणि ओळखपत्र जवळ हवं. मोठी बॅग घेऊन गेटवेला गेलात तर तपासणीच्या रांगेत खोळंबा होतो, आणि बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे असणं गरजेचं आहे.

रिक्षा शोधत बसू नका. दक्षिण मुंबईत रिक्षाला परवानगीच नाही. पश्चिमेला वांद्र्यापासून आणि मध्य मार्गावर शीवच्या पुढे रिक्षा सुरू होतात. इथे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये असा दर आहे, आणि पुढे मीटरप्रमाणे. नाशिकला बसण्याआधी भाव ठरवण्याची जी सवय आहे ती इथे नुकसानीची ठरते. 'मीटरने चला' म्हणा, नाही म्हटलं तर पुढची टॅक्सी बघा. स्टेशनच्या दारातल्यापेक्षा रस्त्यावरून जाणारी टॅक्सी बरी. बेस्टचं साध्या बसचं तिकीट १० रुपयांपासून, वातानुकूलितचं १२ रुपयांपासून. तीन-चार माणसं असाल तर जवळच्या अंतराला टॅक्सी आणि बस यांत फार फरक पडत नाही.

भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही स्थानकं तुमच्या कामाची. सिद्धिविनायकाचं दर्शन करायचं असेल तर याच मार्गावर त्या नावाचं स्थानक आहे, त्यामुळे दादरला उतरून टॅक्सी करण्याची गरज उरली नाही. खाली उतरल्यावर मोबाईलची रेंज जाऊ शकते. तिकीट वरच काढा किंवा खिडकीवर रोख पैसे देऊन घ्या.

पहिला दिवस: सीएसएमटी ते गेटवे, पायी

हे अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. न थांबता अर्धा तास, बघत गेलात तर दोन-अडीच तास. मुंबईतलं सगळ्यात चांगलं दोन तासांचं चालणं हेच आहे, आणि ते टॅक्सीतून करणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

स्टेशनातून बाहेर पडून भुयारी मार्गानं महापालिकेच्या बाजूला जा. रस्ता वरून ओलांडू नका. पलीकडे पोचलात की मागे वळून बघा. स्टेशनची इमारत तिच्या पोटात उभं राहून दिसत नाही, ती इथूनच दिसते. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि सुमारे दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये जागतिक वारशात नोंद झाली. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ आहे: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवरचे मोर, माकडं, पानंफुलं यांच्या कोरीव कामात जवळच्याच जे. जे. कलाशाळेचा हात आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके याच कलाशाळेत शिकले. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. दोन्ही एकत्र बघितल्या म्हणजे एकाच माणसाचा हात ओळखू येतो.

पुढे दादाभाई नौरोजी मार्गानं दक्षिणेकडे चाला. इमारतींच्या खालून कमानींची सलग पडवी आहे, त्यामुळे दुपारीही सावलीतून जाता येतं. फेरीवाल्यांमुळे वाट अरुंद होते. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. फोटो काढायला लोक कारंज्यापाशी थांबतात आणि स्मारकाकडे पाठ करून निघून जातात. मराठी माणसानं तसं करू नये. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून १९५५-५६ मध्ये माणसं गोळीबाराला सामोरी गेली. आपण नाशिकहून आपल्याच राजधानीत येतो ते त्यांच्यामुळे. पाच मिनिटं थांबा.

इथून डावीकडे वळलात तर हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीची १८३३ ची इमारत.  उजवीकडे ओव्हल मैदान. या मैदानाच्या एका बाजूला विद्यापीठाचा ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशा गॉथिक इमारती, तर दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या गोलसर गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती. मधे उभं राहून दोन्ही बाजूंना बघता येणं हीच इथली गंमत आहे. या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला.

सरळ पुढे काळा घोडा. जहांगीर कलादालन विनामूल्य आहे, पंधरा मिनिटं डोकवा. पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. त्याला किमान दोन तास द्या, नाहीतर आत जाऊच नका. तिकीट काढून तासाभरात बाहेर पडणाऱ्याला फक्त जिने आठवतात. सगळं बघण्याचा हट्ट न धरता तळमजल्यावरची दगडी शिल्पं आणि लघुचित्रांचं दालन बघितलं तरी दुपार सार्थकी लागते. मुलं बरोबर असतील तर निसर्ग विभागापासून सुरुवात करा, म्हणजे ती पुढे कुरकुर करत नाहीत.

इथून गेटवे दहा मिनिटांवर. पंचम जॉर्जच्या १९११ मधल्या भेटीची आठवण म्हणून ही कमान बांधायचं ठरलं, जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि उद्घाटन व्हायला ४ डिसेंबर १९२४ उजाडलं. पिवळसर बेसॉल्ट दगड, उंची २६ मीटर. ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीतून बाहेर पडली. कमानीचं तोंड समुद्राकडे, म्हणजे पूर्वेला आहे. सकाळचं ऊन समुद्राच्या बाजूवर पडतं, दुपारनंतरचं शहराच्या बाजूवर. जमिनीवरून फोटो हवा असेल तर दुपारी तीननंतर या, बोटीतून हवा असेल तर सकाळच्या फेरीतून काढा. शेजारच्या बागेतला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ पासून उभा आहे.

गेटवेवरून सूर्यास्त दिसत नाही, तो तुमच्या पाठीमागे होतो. मुक्काम असेल तर पाच वाजले की टॅक्सीनं किंवा चर्चगेटमार्गे चालत मरीन ड्राइव्हला जा. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, मे-जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. कठड्यावर बसा, पण खालच्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उतरू नका. शेवाळ असतं, फटी खोल असतात आणि दरवर्षी तिथे अपघात होतात. गिरगाव चौपाटीवर पोहण्याचा विचारही नको, पावसाळ्यात तर जेलीफिशही येतात.

भरती-ओहोटी: कालनिर्णयावरून काढा

नाशिकला नदीकाठी राहणाऱ्याला पुराची सवय असते, भरतीची नसते. मुंबईत दिवसातून दोनदा पाणी कित्येक फूट चढतं आणि उतरतं, आणि तुमचे निम्मे बेत त्यावर ठरतात. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून नेमकी वेळ हवी असेल तर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो.

हाजी अलीची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. चतुर्थीला जाणार असाल तर सकाळी नऊ-दहाला जा, दुपारी तीनला गेलात तर काठावर उभं राहावं लागेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पावसाळ्यात त्या दिवशी दुपारी मरीन ड्राइव्हच्या कठड्यापासून लांब राहा. बोटीच्या बाबतीत उलट आहे: ओहोटीला पायरी आणि बोट यांतलं अंतर वाढतं, ज्येष्ठांना चढताना त्रास होतो.

दुसरा दिवस: घारापुरी

एकाच दिवसाची फेरी असेल तर फोर्ट किंवा घारापुरी, एकच निवडा. पंचवटीनं उतरून साडेअकराची बोट धरता येते, पण मग परतीच्या गाडीपर्यंत दुसरं काही होत नाही, आणि भर दुपारी पायऱ्या चढाव्या लागतात. मुक्काम असेल तर दुसऱ्या सकाळी नऊची पहिली बोट. ऊन कमी, गर्दी कमी आणि दीड-दोनपर्यंत तुम्ही परत.

१. गेटवेच्या तिकीट खिडकीवरूनच जाता-येताचं तिकीट घ्या. बाहेर फिरणारे लोक 'बोट, बोट' करत मागे लागतात. त्यातल्या अनेक बोटी अर्ध्या तासाची बंदरातली चक्कर मारून परत आणतात, घारापुरीला जात नाहीत.

२. बोटी साधारण नऊ ते दोनपर्यंत सुटतात. तिकिटाचा तुकडा परतीसाठी जपा, तो हरवला तर नवं तिकीट काढावं लागतं.

३. लाईफ जॅकेट घाला आणि बंद लावा, नुसतं खांद्यावर टाकू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर प्रवासी बोटीला जीवघेणा अपघात झाला, तेव्हापासून त्याची सक्ती आहे. लहान मुलाला त्याच्या मापाचं मागून घ्या. बोटीत माणसं जास्त वाटली तर पुढच्या बोटीनं जा.

४. वरच्या मजल्यावर बसायला थोडे जादा पैसे बोटीतच घेतात, ते जरूर द्या.

तासाभराचा हा प्रवास म्हणजे बंदर बघण्याचा खरा मार्ग. मुंबई बंदराच्या गोद्यांमध्ये सामान्य माणसाला प्रवेश नाही, त्यामुळे पाण्यावरूनच ते समजून घ्यावं लागतं. निघाल्यावर डावीकडे नौदलाची गोदी आणि युद्धनौका दिसतात. त्यांचे फोटो काढायला मनाई आहे. याच परिसरात १७३६ पासून वाडिया घराण्यानं सागवानी जहाजं बांधली, आणि १८१७ मध्ये इथे बांधलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये आजही तरंगत्या अवस्थेत जपलेलं आहे. पुढे डावीकडेच जवाहर द्वीप, जिथे तेलाची जहाजं रिकामी होतात, आणि लांब तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचे घुमट. उजवीकडे पुढे उंच क्रेनची रांग दिसते ती न्हावाशेव्याची, १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराची. निफाड-पिंपळगावची द्राक्षं आणि लासलगावचा कांदा परदेशी जातो तो मुख्यतः तिथून. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांनी मुलांना ती रांग आवर्जून दाखवावी. आपला माल कुठल्या दारातून बाहेर जातो ते त्यांना कळेल.

धक्क्यावर उतरल्यावर पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे. चालायला हरकत नसेल तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. गावाचा छोटा कर रोख द्यावा लागतो, सुटे ठेवा. मग सुमारे १२० पायऱ्या. पांडवलेणी चढणाऱ्याला हे काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात, भाव खालीच ठरवा आणि तो जाता-येताचा आहे का ते विचारा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वर लागतं, १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. माकडं हातातली पिशवी आणि बाटली हिसकावतात. खाणं बॅगेत बंद ठेवा.

पांडवलेणीच्या बौद्ध विहारांची सवय असलेल्या डोळ्यांना इथला फरक लगेच जाणवतो. ही मुख्यतः शैव लेणी, साधारण सहाव्या शतकातली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातच जवळजवळ सगळा वेळ घालवा. उत्तरेकडून आत गेलात की आधी पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. लोक धावत समोरच्या सदाशिवापाशी जातात, फोटो काढतात आणि निघतात. त्यापेक्षा भिंतीनं एक फेरी मारा: नटराज, कैलास हलवणारा रावण, शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुराचा वध, अर्धनारीश्वर, गंगाधर. मध्ये चार दारांचं गाभारं, प्रत्येक दाराशी द्वारपाल. शेवटी दक्षिण भिंतीतल्या साडेपाच मीटर उंचीच्या त्रिमुखी सदाशिवासमोर या. उजेड बाजूंच्या उघड्या चौकांतून तिरका येतो, त्यामुळे सकाळी आणि दुपारी चेहरे वेगळे भासतात. दीड तास पुरतो. जिथं मूर्ती भंगलेल्या आहेत तिथं हात लावू नका, जिथं धड आहेत तिथं तर नकोच.

बेटावर पर्यटकांना रात्री राहता येत नाही. शेवटची बोट साडेपाचच्या आसपास असते, पण तिच्यावर विसंबू नका. तिला सगळी राहिलेली माणसं एकदम येतात. या बेटाला पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून 'एलिफंटा' हे नाव दिलं, तो हत्ती आज बेटावर नाही, राणीच्या बागेत आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो तुटला, आणि नंतर तुकडे जोडून मुंबईतच उभा केला गेला.

आणखी वेळ असेल तर

भाऊचा धक्का हे बंदराचं कामाचं तोंड. हार्बर मार्गावर डॉकयार्ड रोडला उतरून टॅक्सीनं पाच-सात मिनिटं. इथून मोऱ्याला, म्हणजे उरणला, साधी लाँच जाते. गेटवेच्या मानानं स्वस्त, आणि बरोबर रोज ये-जा करणारी माणसं. मांडव्याची रो-रो बोटही इथूनच सुटते आणि तिच्यात मोटार चढवता येते. नाशिकहून गाडी आणून अलिबागला जायचं असेल तर हा उत्तम मार्ग आहे, फक्त आरक्षण आधी करा. मासळीचा लिलाव इथे आणि कुलाब्याच्या ससून डॉकला पहाटे होतो. सात वाजता गेलात तर फक्त ओला धक्का दिसेल. घसरणार नाही अशी चप्पल घाला, वाटेत उभे राहू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. कोळणी कामात असतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघणाऱ्यांनी ठाण्याच्या खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) बघावेत. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. बोटीची वेळ भरतीनुसार रोज बदलते, आधी नोंदणी करा. दिवस राखून ठेवायचा असेल तर कल्याण-ठाण्याला नातेवाइकांकडे उतरलेल्यांना हे सोयीचं पडतं.

मलबार हिलवर वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव आहे. पंचवटीतून सीतेच्या शोधात निघालेले राम-लक्ष्मण इथे थांबले आणि बाण मारून पाणी काढलं, अशी कथा. मलबार हिलवरच झाडांमधून जाणारा निसर्ग उन्नत मार्ग मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. त्याची नोंदणी ऑनलाइन करावी लागते, दारावर जाऊन गर्दीच्या दिवशी प्रवेश मिळत नाही.

खाणं

मिसळ खायची ती नाशिकला. इथे वडापाव, इराण्याकडचा बनमस्का-चहा आणि मासे खाणारे असाल तर बोंबील-सुरमई. सीएसएमटीसमोर 'आराम'चा वडापाव, धोबीतलावला 'कयानी', दादरला 'मामा काणे' आणि 'प्रकाश' ही जुनी, भरवशाची ठिकाणं. गेटवेच्या अगदी समोर जेवू नका. कुलाब्याच्या आतल्या गल्लीत तेच निम्म्या पैशांत मिळतं. घारापुरीवर जेवण मिळतं, पण परतून फोर्टात जेवलेलं बरं.

लोकल आणि परतीची वाट

लोकल एकदा तरी अनुभवाच, पण सकाळी आठ ते अकरा सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ बाहेरच्या दिशेनं नको, सामान असेल तर मुळीच नको. चढण्याआधी गाडी धीमी की जलद ते फलकावर बघा. जलद गाडी मधली स्थानकं सोडते. पहिल्या वर्गाचा डबा बाहेरून फारसा वेगळा दिसत नाही, दारावरचे पट्टे आणि खूण बघा. चुकून चढलात तरी दंड होतो. एकत्र असलेल्या कुटुंबानं आधीच ठरवावं: कोणी मागे राहिलं तर त्यानं त्याच फलाटावर थांबायचं, पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरायचं.

परतीच्या दिवशी साडेपाचला सीएसएमटीत असा. गेटवेवरून पाच वाजता टॅक्सी मिळणं कठीण असतं, तेव्हा पावणेपाचलाच निघा किंवा हुतात्मा चौकातून मेट्रो धरा. क्लोकरूममधलं सामान सोडवायला पंधरा मिनिटं धरा. पंचवटी चुकलीच तर घाबरू नका. रात्री नाशिककडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, साधं तिकीट काढून त्यातल्या एकीत चढता येतं. कसाऱ्याची लोकल धरून पुढे शेअर टॅक्सीनं नाशिक गाठणारेही पुष्कळ आहेत. लोकलला अडीच तास, पुढे सुमारे दोन. पण हा मार्ग संध्याकाळी सातपर्यंत लोकल मिळत असेल तरच धरा, त्यानंतर कसाऱ्याला गाड्या भरायला वेळ लागतो आणि भाव चढतो. लहान मुलं बरोबर असतील तर सरळ दादरहून एसटी घ्या किंवा रात्र ठाण्या-कल्याणला काढून सकाळी निघा.